अर्धलीची पोर

वरची वाडी, मुठा खोरे,
पेटा मुळशी.
रविवार, १८ फेब्रुवारी १९६२

चिरंजीव बाजी मास्तर यास बानूबाईचा आशीर्वाद. आम्ही इकडे बऱ्या आहोत. तू तिकडे बरा असशील असं धरून चालते.

तुझं पाकीट पोचलं. कसं पोचलं ते भैरू पोस्टमनला विचार. आत म्हातारपणावर चार पानं लिहिलीस आणि बाहेर वाडीचं नाव घालायला विसरलास. नुसतं 'बानूबाई, मुठा खोरे'. या खोऱ्यात बानूबाया काय कमी आहेत? भैरू बिचारा वाड्या-वाड्या हिंडला. खालच्या अंगाची एक बानूबाई तर पाकीट ठेवूनच घेत होती. तिचाही लेक पुण्यात असतो आणि त्यालाही काही आठवत नाही, तेव्हा तिला वाटलं आपलंच असणार. ज्या वाडीत जन्मलास तीच विसरलास तर आईही विसरला असशील, म्हणून ओळख देते. मी बानूबाई. तुझी आई. अजून जिवंत आहे.

हे पत्र पारू लिहिते आहे. पारू कोण तेही सांगते. तुझा धाकटा भाऊ धुळा, जो तापानं गेला, त्याची ही लेक. तिची आई पाट लावून महाळुंग्याला गेली, तिचं तिकडं बरं चाललंय, तिच्यावर माझा राग नाही. पारू तुझ्या घरी दोन वर्षं होती, पण तुला ती नीट दिसली असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या पत्राच्या माथ्यावर तू लिहिलंस, 'हे पत्र पारूला दाखवू नये.' अरे शहाण्या, मला अक्षर कळत नाही हे तुला जन्मापासून ठाऊक. वाडीत वाचणारी ती एकटी. मी पाकीट तिच्याच हातात दिलं. तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, 'पारूला दाखवू नये' हेही मोठ्यानं वाचलं आणि मग माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हटलं, "दाखवू नये म्हणलंय, वाचू नये न्हाई. वाच." इतकी वर्षं शाळा चालवलीस आणि घरात कुणाला वाचता येतं एवढंही ध्यानात ठेवलं नाहीस.

माझं बोलणं ती शाळेच्या भाषेत उतरवते. मी हाय म्हटलं तर ती आहे लिहिते. करू दे. पण तुला जे लागायला पाहिजे ते जसंच्या तसं लिही, अशी ताकीद दिली आहे.

आता तुझ्या चार पानांचं उत्तर.

तू लिहिलंस की निवृत्त झाल्यापासून सकाळी जाग येते आणि जायला कुठं नसतं. घंटा नाही, पोरांचा गलका नाही. आमची सूनबाई कमळ भाजी आणायला पाठवते आणि जुडी शिळी निघाली तर बोलते. पूर्वी रस्त्यानं चाललास तर लोक नमस्कार करायचे, आता सायकलवाले घंटी वाजवतात. आयुष्याची संध्याकाळ झाली, छाया लांबल्या, असं बरंच. पारूनं वाचलं छान, तिचा आवाज चांगला आहे. निवृत्त म्हणजे काय ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, कामातून सुटलेला. मी आठवून बघितलं, आपल्या वाडीत असा शब्द कुठल्या बाईला लावलेला ऐकला नाही. तुझ्या आजीला चितेवर ठेवली तेव्हासुद्धा तिच्या नखांत शेण होतं.

तुला म्हातारपणाचं काय सांगू? तू त्यात काल शिरलास. मी तिथं घर करून राहिले आहे. दात जातात, मग माणूस सुपारी सोडतो. कान जातात, मग लोक आपल्यासमोरच आपल्याबद्दल बोलायला लागतात आणि त्यातून लई कळतं. म्हातारपणात वाईट एवढंच, की कुणी काही मागायला येत नाही. सगळ्यांना वाटतं, हिच्याकडं आता काय असणार. तू मात्र मागितलंस. म्हणजे तुझ्या लेखी मी अजून म्हातारी नाही, हे तुझे उपकारच.

मागितलंस काय, तर पारू.

आणि मागितलंस कसं! आठ ग्रह एका राशीला येणार, जग बुडणार, अशी हूल उठली होती तेव्हा तू पत्र लिहायला बसलास. 'अंतकाळ समीप आला असता मातापुत्रांनी मनात किल्मिष ठेवू नये. मागील सर्व विसरून पारूस पाठवावे. सौ. कमळ हिची पाठ फार दुखते.' मला एवढंच सांग, जग बुडणार होतं तर भांडी कुणासाठी घासून घ्यायची होती?

ग्रह आले, गेले. गेणबाच्या म्हशीला रेडकू झालं, बाकी काही झालं नाही. आणि तुझं पत्र मात्र ग्रह गेल्यावर पोचलं, पत्ता नव्हता म्हणून.

पुढं लिहिलंस की चारचौघांत तुझी शाल उतरवली, तू खाली मान घालून फिरतोस, तेव्हा मी 'चुकले' एवढा एक शब्द लिहून पाठवावा. बरं. काय झालं ते आपण दोघं मिळून आठवू, मग चुकलं कुणाचं ते ठरवू. पारूही आहेच इथं. ती म्हणते, "आजे, ते नको लिवू, माझ्या हातनं कसं लिहायचं ते?" मी म्हटलं, तुझ्याच हातनं पाहिजे.

तू पारूला न्यायला आलास तेव्हा मिरगाची पेरणी चालली होती. पोरीची सहावी झाली होती. सातवी पौडला, आणि एवढी पोर डोंगर उतरून रोज जाणार कशी, या घोरात मी होते. तू म्हणालास, मी मास्तर, माझ्या घरी राहील, सातवीच काय मॅट्रिक करतो. घरात थोडा हातभार लावील. मी तेव्हा तुला काय म्हटलं ते आठवतं का? आठवणार नाही. मी म्हटलं, "बाजी, पोर अर्धलीनं देतेय."

तू हसलास. म्हणालास, "आये, पोर म्हंजी काय शेळी हाय?"

"न्हाई. म्हणून जास्ती जप."

अर्धली तू पुस्तकं शिकता शिकता विसरलास, तर पुन्हा सांगते. ज्याच्याकडं शेळी आहे पण राखायला माणूस नाही, तो ती दुसऱ्याला देतो. राखणारानं चारायची, पाणी दाखवायचं, दूध खायचं. करडं झाली की निम्मी धन्याची, निम्मी राखणाराची. आणि दर दिवाळीला शेळी धन्याच्या दारात आणून उभी करायची, म्हणजे धन्याला हात फिरवून बघता येतं, पाठ भरली की हाडं वर आली. राखणारानं दिवाळी चुकवली की धनी चार माणसांदेखत दावं सोडतो. मग राखणारानं का म्हणून विचारायचं नसतं. आपल्या वाडीत यावरून कधी भांडण झालेलं मी बघितलं नाही, कारण रीत सगळ्यांना पाठ आहे.

पहिल्या दिवाळीला तू कळवलंस, 'पारूचा अभ्यास बुडेल, आणत नाही.' मी किती खूश झाले म्हणून सांगू. शेजारच्या साळूबाईला सांगून आले, आमच्या पारूला दिवाळीलासुद्धा सवड नाही, एवढं शिकतेय. साळूबाईनं मला चहा पाजला. दुसऱ्या दिवाळीला मास्तरांची कसली सभा होती म्हणालास. तेव्हाही मी मनात काही आणलं नाही. लेक मास्तर, भाऊ मेलेला, भावाची पोर. यात वाईट काय शोधायचं?

मग तुझा सत्कार आला. मिरगाच्या तोंडावर मी तूप कढवून, गाडगं फडक्यात बांधून आले. शाळेत मला पुढच्या बाकावर बसवलंस, ते मी विसरले नाही. मानपत्र वाचलं. मला सगळं समजलं नाही, पण अज्ञानाच्या अंधारातून मुलींना बाहेर काढलं असं त्यात होतं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आजूबाजूला पारूला शोधत होते. वाटलं, मुलींमध्ये बसली असेल.

ती तुझ्या घरी होती. आपण परत आलो तेव्हा पाहुण्यांचा चहा तिनं टाकला होता, पोहे परतले होते, आणि शेगडीच्या धगीनं तिचं तोंड लाल झालं होतं. ती कपबश्या घेऊन बाहेर आली. त्या चष्म्याच्या बाई, तुमच्या शाळेतल्या, भल्या वाटल्या मला, त्यांनी हातातला कप घेता घेता सहज विचारलं, "बाळ, कितवीत आहेस तू?"

पारूनं तुझ्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, तुझ्याकडं. आणि तू शाल सावरत म्हणालास, "तिला अभ्यासाची गोडी नाही हो. शेळ्यामेंढ्यांतली मुलगी. किती केलं तरी काय उपयोग?"

हे लिहिताना पारूची लेखणी थांबली आहे. थांबू दे. मी शेळ्यांना पाला टाकून येते म्हटलं असतं. ते राहू दे.

तर मी उठले. मला बोलता येतं तसं बोलले. "बाजी, तू दोन दिवाळ्या चुकवल्यास. माझी पोर मी सोडून नेतेय. हे एवढे पाहुणे साक्षीला हायेत." पोरीला म्हटलं, कप ठेव. तिनं ठेवला, आणि आम्ही दोघी तुझा जिना उतरलो. तिचे कपडेही घेतले नाहीत. तुझ्या पाहुण्यांना वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. तुला मात्र कळलं होतं मी काय केलं ते, कारण तू मागून एक शब्द काढला नाहीस. शहरात राहूनही रीत तुझ्या हाडांतून गेली नाही. त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट मला बरी वाटली.

एस्टी पिरंगुटाच्या चढावर गरम होऊन बंद पडली. आम्ही खाली उतरून दगडावर बसलो. तिथं तिनं मला सांगितलं की सातवीत तिचं नाव कधी घातलंच नव्हतं. तू वर्गाला पाठ तयार करायचास, तेव्हा ती दाराआड भांडी विसळत ऐकायची. पुढं तू एकदा दार लावून घेतलंस, आवाज येतो म्हणून.

तेव्हा 'चुकले' हा शब्द मी पाठवत नाही. तुला लागत असेल तर तिकडंच कुठं मिळतो का बघ.

तू म्हणशील, आई नुसती भांडते. भांडते. पण एक हिशेब तुझ्यापुढं ठेवते, त्यात पैसा नाही. तुम्ही दोघं भाऊ. शाळेत एकच जाऊ शकत होता, कारण कळपामागं एक लागायचा. तू नाजूक म्हणून तुला पाठवलं, धुळा रानात गेला. तुझ्या वाटणीचा कळप त्यानं राखला. पावसाळ्यात ओढा भरला की तो शेळ्या पलीकडं सोडून परत यायचा आणि धाकटा असून तुला खांद्यावर बसवून उतरवायचा, तुझी पाटी डोक्यावर धरून. संध्याकाळी पुन्हा. त्याला स्वतःचं नाव काढता येत नव्हतं, पण तुझी पाटी कधी भिजली नाही. मग मला सांग मास्तर, तुझं शिकणं कुणाकुणाचं? तू तेवढं खाल्लंस, पांघरलंस, त्यावर सत्कार घेतलास. निम्मं धुळाचं होतं. तो मागायला आला नाही, कारण त्याला ते मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्याची पोर तुझ्या दारात येऊन उभी राहिली, आणि तू तिला परात दिलीस.

यावर तुझी चार पानं येतील. येऊ देत. या वेळी पत्ता घाल.

पारू पौडला सातवीत आहे. तिथल्या शाळेच्या बाई एकट्याच राहतात, त्यांच्याकडं ती आठवडाभर असते, शनिवारी दुपारी घरी येते. त्या बाईसुद्धा तिला भांडी घासायला लावतात, पण तिची तिनं, त्यांची त्यांनी, आणि घासता घासता पाढे म्हणून घेतात. गोडीचं म्हणशील तर पहिल्या तिघांत आहे. हे लिहायला ती तयार नव्हती, मी डोळे वटारले म्हणून लिहिलं.

पुढच्या महिन्यात तिची सातवीची फायनल परीक्षा. केंद्र पुण्यात आलंय. बाई तिच्यासकट चार पोरींना घेऊन येणार आहेत, उतरण्याची सोय बाईंच्या बहिणीकडं झाली आहे. तेव्हा घाबरू नकोस, तुझा जिना ती चढणार नाही. मी बरोबर येणार होते. आता येत नाही. गुडघा जरा धरलाय.

पारूनं लेखणी खाली ठेवली. म्हणते, "गुडघा न्हाई आजे, खुबा. खरं सांगणार नसशील तर मी पुढचं लिवत न्हाई." बघ, तुझ्या भावाची पोर, पण अडून बसणं तुझं उचललं. बरं, लिही बाई. पौषात गोठ्याच्या उंबऱ्याशी मी पडले. उठून बसते, पण पाय टेकत नाही. साळूबाई पाणी भरते, शेळ्या गेणबाच्या कळपात घातल्या आहेत. पारू म्हणते, या वर्षी परीक्षा देत नाही, तुला टाकून कशी जाऊ. तीन शनिवार तेच चाललंय. सूनबाईची पाठ दुखते म्हणून तिकडं शाळा बंद, आता माझा खुबा मोडला म्हणून इकडं. म्हणजे बाईच्या जातीची शाळा कुणाच्या तरी हाडांवर अडकलेली असायचीच. मी तिला सांगितलंय, पेपर सोडलास तर मी साळूबाईच्या हातचं पाणी पिणार नाही. तिला ठाऊक आहे मी तसं करीन.

आणि आता लिहायलाच बसलोय तर तीही एक गोष्ट लिहून टाकते म्हणते ही. पानशेत फुटलं तेव्हा मी भैरूला पुण्याची खबर काढायला लावली होती. तुझा माळा उंचावर राहिला, तुला आणि सूनबाईला नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावं लागलं नाही, हे कळेपर्यंत मी चूल पेटवली नव्हती. हे तुला सांगू नको असं मी भैरूला बजावलं होतं. त्यानं सांगितलं नाही. पारूनं सांगितलं. तू यावरून काही समजू नकोस.

कामाचं ऐक. पेपर दोन वेळचे असतात; कुठली शाळा, कुठल्या तारखा ते बाई तुला कार्डानं कळवतील. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या पोरींचे बाप डबे घेऊन शाळेच्या फाटकाशी येणार आहेत. आमच्या पोरीच्या वाट्याला त्या फाटकात मी येणार होते. माझ्या जागी तू उभा राहायचं. सूनबाईला पाठवायचं नाही, शेजारच्या कुणाला पाठवायचं नाही. तुझा तू. शाल पांघरून येऊ नकोस. ऊन असेल तर ऊन, त्या बापांमध्ये उभा राहा. तिला काही विचारू नकोस, पेपर कसा गेला म्हणूनही नाही, उपदेश तर नाहीच. डबा द्यायचा, तिनं खाल्ला की रिकामा घ्यायचा. ती बोलली तर बोल. नाही बोलली तर तो तिचा अधिकार. आणि कुणी विचारलं, मास्तर, ही कोण तुमची, तर धुळाची पोर म्हण. मोठ्यानं म्हण.

यायचं नसेल तर तसं आधी कळव. पोरगी फाटकाकडं बघत उपाशी बसता कामा नये. मग मी कोंडिबाची बैलगाडी जुंपून, झोपून का होईना, येते.

आलास तर तुझी, आणि आलास तरी धुळाची आधी,
आई
बानूबाई
(खाली अंगठा माझा आहे. शाई पारूनं जास्त लावली.)

ता. क. — रोज दोन तांदळाच्या भाकरी, चपाती नको, तिला झोप येते. बरोबर मेथीची सुकी भाजी किंवा लसणाची चटणी. आदल्या रात्रीचं काही घालू नकोस. सूनबाईची पाठ दुखत असेल तर भाकरी तू थाप, सकाळी जायला कुठं नसतं म्हणालास ना. गुळाचा खडा वेगळ्या कागदात बांध. भाकरीला गूळ लागला तर ती भाकरी टाकते, हे तुला दोन वर्षांत कळलं नसेल, म्हणून सांगते. वेगळा बांध.